ज्वालारहित ज्वलन : औद्योगिक भट्ट्या आणि पर्यायी इंधने

प्रास्ताविक

‘जळणे’, ‘जाळ’, ‘ज्वाला’ आणि ‘ज्वलन’ ही मराठीतील सर्व रूपे ‘ज्वल्’ या एकाच धातूपासून आलेली आहेत. चूल पेटली म्हणजे जाळ दिसला पाहिजे आणि दिवा लागला म्हणजे ज्योत दिसली पाहिजे, ही समजूत व्यवहाराइतकीच भाषेतही मुरलेली आहे. त्यामुळे ‘ज्वालारहित ज्वलन’ हा शब्दप्रयोग प्रथमदर्शनी वदतोव्याघात वाटतो. भट्टीवरील कारागिराची परंपरागत विद्याही ज्वालेच्या निरीक्षणावर उभी होती. ज्वालेचा रंग, लांबी, स्थैर्य आणि आवाज यांवरून हवा कमी पडते की जास्त होते, इंधन नीट जळते की काजळी धरते, याचा अंदाज तो बांधत असे.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मात्र अशा भट्ट्या अस्तित्वात आल्या की ज्यांत इंधन पूर्णपणे जळते, भट्टी हजार अंशांच्या वर तापलेली असते आणि तरीही आत डोकावले असता कोठेही ज्वाला दिसत नाही. ही केवळ प्रयोगशाळेतील नवलाई राहिलेली नाही. पोलाद, काच, मृत्तिका, ॲल्युमिनियम यांसारख्या उद्योगांत उच्च तापमान मिळविण्यासाठी जाळल्या जाणाऱ्या इंधनाचा प्रश्न आज ऐरणीवर आहे. खनिज तेल आणि कोळसा यांच्या जागी जैववायू, उत्पादक वायू, हायड्रोजन, अमोनिया यांसारखी पर्यायी इंधने आणावयाची तर त्यांचे भिन्न भिन्न स्वभाव सांभाळू शकेल अशी ज्वलनपद्धती हवी. ज्वालारहित ज्वलनाचे महत्त्व या ठिकाणी आहे. या पद्धतीचे तत्त्व, तिचा पर्यायी इंधनांशी असलेला संबंध आणि तिच्या मर्यादा यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्वालेची गरज आणि ज्वालेची अडचण

ज्वाला ही काही स्वतंत्र वस्तू नव्हे. इंधन आणि ऑक्सिजन यांच्यातील रासायनिक अभिक्रिया ज्या अरुंद पट्ट्यात एकवटते, त्या पट्ट्याचे ते दृश्य रूप होय. वायुइंधनाच्या ज्वालेतील निळसर प्रकाश अभिक्रियेत क्षणमात्र निर्माण होणाऱ्या उत्तेजित अणुसमूहांपासून येतो, तर पिवळा प्रकाश तापलेल्या काजळीच्या सूक्ष्म कणांपासून. या पट्ट्यात निर्माण झालेली उष्णता शेजारच्या ताज्या मिश्रणाला पेटविते, आणि अशा रीतीने ज्वाला स्वतःला जिवंत ठेवते. सभोवती थंड हवा असताना ज्वलन टिकवावयाचे तर ज्वाला अपरिहार्य आहे.

या आत्मनिर्भरतेची किंमत मात्र द्यावी लागते. प्रत्येक इंधनाच्या ज्वालेला स्वतःचा वेग असतो. मिथेन आणि हवा यांच्या योग्य मिश्रणात तो सेकंदाला सुमारे ४० सेंटीमीटर असतो. हायड्रोजनच्या बाबतीत तो याच्या कितीतरी पट अधिक, तर अमोनियाच्या बाबतीत अवघा ७ सेंटीमीटरच्या आसपास असतो. मिश्रणाचा प्रवाह यापेक्षा फार वेगवान झाला तर ज्वाला बर्नरच्या मुखापासून उडून जाते. फार मंद झाला तर ती उलट आत शिरते. म्हणून एका इंधनासाठी घडविलेला बर्नर दुसऱ्या इंधनाला सहसा चालत नाही. तात्पर्य, ज्वालेवर विसंबलेली भट्टी ही विशिष्ट इंधनाशी बांधली गेलेली भट्टी असते.

दुसरी अडचण उष्णतेच्या हिशोबाची आहे. पोलादाचे बिलेट लाटण्यापूर्वी सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. साहजिकच भट्टीतून बाहेर पडणारा धूरही जवळपास त्याच तापमानाचा असतो. एक घनमीटर मिथेन जळताना सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता निर्माण होते. थंड हवेवर जाळल्यास त्यापैकी सुमारे २१ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ ६० टक्के उष्णता, १२०० अंशांच्या धुराबरोबर धुराड्यातून निघून जाते. याच धुराच्या साहाय्याने ज्वलनाची हवा १००० अंशांपर्यंत तापविली, तर सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता भट्टीत परत येते. भिंतींतून होणारा ऱ्हास सोडून दिला तर उपयुक्त उष्णतेचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जाते. दुसऱ्या शब्दांत, तेच काम निम्म्या इंधनात होते.

धुराची उष्णता हवेला देण्याची ही कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सीमेन्स बंधूंनी विटांच्या जाळीत उष्णता साठवून ती हवेला परत देणारा संचयक भट्टीला जोडला आणि त्यातून पोलाद व काच या दोन्ही उद्योगांचे स्वरूप बदलले. मग ही युक्ती प्रत्येक भट्टीत का वापरली गेली नाही? खर्च हे त्याचे एक कारण. दुसरे कारण नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे. हवेतील नायट्रोजन सामान्यतः ज्वलनात भाग घेत नाही. परंतु तापमान सुमारे १५०० अंशांच्या पलीकडे गेले की ऑक्सिजनचे सुटे अणू नायट्रोजनच्या रेणूवर आघात करू लागतात आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. ही अभिक्रियांची साखळी रशियन शास्त्रज्ञ झेल्डोविच यांनी १९४६ मध्ये मांडली. तापमानाबरोबर तिचा वेग सरळ रेषेत नव्हे, तर अत्यंत झपाट्याने वाढतो. हवा जितकी अधिक तापवावी तितकी ज्वाला अधिक प्रखर होते आणि तितकेच हे प्रदूषक वाढते. नायट्रोजनची ऑक्साइडे श्वसनमार्गाला अपायकारक आहेतच, शिवाय जमिनीलगतच्या ओझोनचे आणि हवेतील सूक्ष्म कणांचेही ती एक मूळ आहेत. अशा रीतीने इंधनाची बचत आणि हवेची शुद्धता या दोहोंत विरोध उत्पन्न झाला. दीर्घकाळ हा विरोध अटळ मानला जात होता.

एका अनपेक्षित निरीक्षणापासून तंत्रज्ञानापर्यंत

या विरोधाची कोंडी १९८९ मध्ये जर्मनीत फुटली. धुराच्या उष्णतेने हवा तापविणाऱ्या एका बर्नरवर योआखिम व्युनिंग आणि त्यांचे सहकारी प्रयोग करीत होते. भट्टीचे तापमान १००० अंश आणि हवेचे सुमारे ६५० अंश असताना असे आढळले की ज्वाला दिसेनाशी झाली आहे आणि ज्वालेचा अतिनील प्रकाश टिपणाऱ्या उपकरणालाही काही गवसत नाही. नेहमीच्या अनुभवानुसार याचा अर्थ बर्नर विझला असा होतो. परंतु धुराचे पृथक्करण केले असता इंधन पूर्णपणे जळत होते. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दशलक्षांत एका भागापेक्षाही कमी होते आणि नायट्रोजन ऑक्साइडे जवळजवळ नव्हतीच. ज्वलन शांत आणि स्थिर होते. व्युनिंग यांनी या प्रकाराला ‘ज्वालारहित ऑक्सिडीकरण’ या अर्थाचे नाव दिले आणि त्यावर आधारित बर्नर बाजारात आणले.

जवळपास त्याच सुमारास जपानमधील अभियंते दुसऱ्या वाटेने त्याच मुक्कामाला पोचत होते. त्यांचा भर इंधनबचतीवर होता. मधाच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र मृत्तिकेचे ठोकळे उष्णतासंचयक म्हणून वापरून त्यांनी हवा १००० अंशांच्याही पुढे तापविली. जोडीने बसविलेल्या दोन बर्नरांपैकी एक पेटलेला असताना दुसऱ्यातून धूर बाहेर पडतो आणि त्यातील ठोकळा तापतो. अर्ध्या-एक मिनिटात दोघांच्या भूमिका बदलतात. १९९३ ते १९९९ या काळात जपान सरकारच्या ऊर्जाविषयक संस्थेने उच्च कार्यक्षमतेच्या औद्योगिक भट्ट्यांचा राष्ट्रीय प्रकल्प राबविला. ऊर्जेत सुमारे ३० टक्के बचत आणि नायट्रोजन ऑक्साइडांत निम्म्याने घट ही त्याची उद्दिष्टे होती.

इटलीतील नेपल्स येथील काव्हालिएरे आणि दे होआनोन या संशोधकांनी २००४ मध्ये या पद्धतीची काटेकोर व्याख्या केली. आत येणाऱ्या मिश्रणाचे तापमान त्याच्या स्वयंप्रज्वलनाच्या तापमानाहून अधिक असावे आणि ज्वलनामुळे होणारी तापमानवाढ मात्र त्या स्वयंप्रज्वलनाच्या तापमानाहून कमी असावी, असा त्या व्याख्येचा आशय आहे. त्यांनी वापरलेल्या ‘माइल्ड’ या संज्ञेत ऑक्सिजनच्या विरलनावर भर आहे.

एकाच घटनेला मिळालेली ही नावे लक्षणीय आहेत. जर्मन नाव जे दिसत नाही ते सांगते. जपानी नाव तप्त हवेचा, म्हणजे साधनाचा निर्देश करते. नेपल्सची संज्ञा कारणावर, म्हणजे विरलनावर बोट ठेवते. मराठीत ‘ज्वालारहित ज्वलन’ हा शब्द रूढ करताना एवढे ध्यानात ठेवावयास हवे की ज्वालेचा अभाव हे या पद्धतीचे लक्षण आहे, कारण नव्हे.

तत्त्व : विरलन आणि पुनराभिसरण

या कारणाचे स्वरूप एका साध्या हिशोबाने स्पष्ट होऊ शकते. नेहमीच्या बर्नरमध्ये इंधन आणि हवा मुखाशीच मिसळतात आणि तेथेच पेटतात. ज्वालारहित बर्नरमध्ये दोहोंचे वेगवान झोत परस्परांपासून अंतर राखून भट्टीत सोडले जातात. वेगवान झोत आजूबाजूचा वायू आपल्याकडे ओढून घेतो. हा वायू म्हणजे भट्टीत आधीच जळून तयार झालेला, तप्त परंतु ऑक्सिजन जवळजवळ संपलेला धूर होय. इंधन आणि हवा यांची गाठ पडण्यापूर्वीच दोन्ही या धुराने विरल झालेली असतात. व्युनिंग यांच्या निरीक्षणानुसार ताज्या मिश्रणाच्या एका भागात धुराचे सुमारे तीन भाग मिसळले की ज्वालारहित अवस्था येते.

समजा, हवा ६०० अंशांवर आणि भट्टीतील धूर ११०० अंशांवर आहे. एकास तीन या प्रमाणात मिश्रण केल्यास त्याचे तापमान सुमारे ९७५ अंश होईल. हे बहुतेक इंधनांच्या स्वयंप्रज्वलनाच्या तापमानाहून अधिक असल्याने पेटविण्यासाठी ज्वालेची गरज उरत नाही. या मिश्रणातील ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे ७ टक्क्यांवर आलेले असते, त्यामुळे अभिक्रिया मंदावते आणि मोठ्या जागेत पसरते. ज्वलनाची उष्णताही आता एका भागाऐवजी चार भागांना तापविते. विरलन नसताना मिथेनमुळे होणारी तापमानवाढ सुमारे १९०० अंश असते; ती चतुर्थांशावर, म्हणजे ४७५ अंशांवर येते. सर्वोच्च तापमान १४५० अंशांच्या आसपास राहते. तीच हवा विरलनाविना वापरली असती तर ज्वालेचे तापमान २००० अंशांच्या बरेच वर गेले असते. ढोबळ असला तरी हा हिशोब मुद्दा दाखविण्यास पुरेसा आहे. हवा तापवूनही झेल्डोविच यांनी वर्णिलेल्या अभिक्रियांचा उंबरठा ओलांडला जात नाही. इंधनबचत आणि स्वच्छ हवा यांतील विरोध येथे मिटतो.

या पद्धतीचा आणखी एक लाभ मालाच्या गुणवत्तेत दिसतो. ज्वालेजवळचा भाग अतितप्त आणि दूरचा भाग थंड असा भेद न राहिल्याने भट्टीत तापमान सर्वत्र बरेचसे सारखे असते. बिलेटवर एका जागी भाजल्याचे डाग पडत नाहीत. अतितप्त ठिकाणांची धास्ती नसल्याने भट्टीचे सरासरी तापमान थोडे वाढविता येते आणि माल लवकर बाहेर पडतो. भट्टीत कमी वेळ राहिल्याने त्यावर धरणारी लोहऑक्साइडाची पपडीही कमी होऊ शकते.

पर्यायी इंधनांचा स्वभाव

ज्वालारहित अवस्थेत इंधनाच्या ज्वालेचा वेग निर्णायक राहत नाही, कारण स्थिर ठेवावयाची ज्वालाच नसते. मिश्रण तापलेल्या भट्टीच्या बळावर पेटते, स्वतःच्या बळावर नव्हे. ज्या गुणांच्या अभावी एखादे इंधन ‘निकृष्ट’ ठरते, त्यांपैकी काही गुणांची गरजच येथे संपते. तथापि प्रत्येक इंधनाची कथा निराळी आहे.

कमी उष्मांकाचे वायू हे या पद्धतीचे सर्वांत नैसर्गिक लाभार्थी होत. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचाच भरणा असतो. त्याचा उष्मांक दर घनमीटरला ३ ते ३.५ मेगाज्यूल, म्हणजे नैसर्गिक वायूच्या दशांशाहूनही कमी असतो. थंड हवेवर त्याची ज्वाला पोलाद तापविण्यास पुरेशी प्रखर होत नाही आणि सहज विझते. परंतु हवा आणि वायू दोन्ही उष्णतासंचयकांतून तापवून घेतल्यास हाच वायू पुनर्तापन भट्टीला चालतो. चीनमधील पोलाद कारखान्यांत अशा दुहेरी तापनाचा वापर झाला आहे. लाकूड वा शेतीतील अवशेष यांपासून मिळणाऱ्या उत्पादक वायूत निम्म्याच्या आसपास नायट्रोजन असतो आणि उष्मांक दर घनमीटरला सुमारे ५ मेगाज्यूल असतो. जैववायूत मिथेनच्या जोडीला बहुधा ३० ते ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. ज्वालेच्या दृष्टीने हे निष्क्रिय वायू म्हणजे ओझे. विरलनाच्या दृष्टीने मात्र ते आधीच झालेले काम होय.

हायड्रोजनची अडचण याच्या अगदी उलट आहे. तो अतिउत्साही आहे. त्याची ज्वाला वेगवान आणि मिथेनच्या ज्वालेहून अधिक तप्त असते. म्हणून कार्बनविरहित असूनही साध्या बर्नरमध्ये तो नायट्रोजन ऑक्साइडे वाढवू शकतो. विरलनाने हा दोष आटोक्यात येतो. परंतु हायड्रोजन इतक्या तत्परतेने अभिक्रिया करतो की धूर पुरेसा मिसळण्यापूर्वीच तो पेटण्याचा धोका असतो. म्हणून झोत अधिक वेगवान आणि इंधन व हवा यांच्या मुखांतील अंतर अधिक ठेवावे लागते. घनमीटरमागे त्याचा उष्मांक नैसर्गिक वायूच्या सुमारे एकतृतीयांश असल्याने तितक्याच उष्णतेसाठी तिप्पट घनफळ वाहून न्यावे लागते. धुरात पाण्याची वाफ वाढल्याने पोलादावरील पपडीवर आणि भट्टीच्या अग्निरोधक विटांवर होणारा परिणामही तपासावा लागतो. स्वीडनमधील होफोर्स येथे २०२० मध्ये ओवाको या पोलाद कंपनीने लिंडे या वायू उत्पादक कंपनीच्या सहकार्याने लाटण्यापूर्वीचे पोलाद हायड्रोजनवर तापविण्याची कारखान्याच्या मापाची चाचणी घेतली. पोलादाच्या गुणवत्तेवर विपरीत परिणाम आढळला नाही, असे तेव्हा जाहीर करण्यात आले. २०२३ मध्ये त्याच ठिकाणी पाण्याच्या विद्युत-विघटनाने हायड्रोजन निर्माण करणारा २० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. तेथे हवेऐवजी ऑक्सिजन वापरला जातो, ही गोष्ट लक्षात घेणे जरूर आहे. नायट्रोजनच मुळात वगळल्याने त्या भट्टीचा प्रश्न हवेवर चालणाऱ्या भट्टीपेक्षा वेगळा ठरतो.

अमोनिया साठविण्यास आणि वाहून नेण्यास हायड्रोजनपेक्षा सोयीचा. परंतु जाळण्यास अत्यंत आळशी. तापलेल्या भट्टीत त्याच्या या आळसावर मात करता येते. येथे मात्र एक मूलभूत मर्यादा पुढे येते. अमोनियाच्या वजनाचा ८२ टक्के भाग नायट्रोजनचा आहे. हवेतील नायट्रोजनचे बंध तोडण्यास उच्च तापमान लागते, अमोनियातील नायट्रोजनला ते लागत नाही. म्हणून तापमान खाली ठेवण्याची जी युक्ती मिथेनला लागू पडते, ती येथे एकटी पुरी पडत नाही. तरीही मार्ग बंद झालेला नाही. सुमारे ८५० ते ११०० अंशांच्या पट्ट्यात अमोनियापासून निघालेले अणुसमूह नायट्रिक ऑक्साइडाशी संयोग पावून त्याचे पुन्हा नायट्रोजनमध्ये रूपांतर करतात. वीजकेंद्रांच्या धुराची शुद्धी करण्यासाठी हीच अभिक्रिया वापरली जाते. हवा टप्प्याटप्प्याने सोडणे आणि धुराचे पुनराभिसरण यांच्या साहाय्याने या अभिक्रियेला वाव देणे, ही अमोनियाच्या ज्वलनसंशोधनाची एक महत्त्वाची दिशा आहे.

द्रव आणि घन इंधनांच्या बाबतीत आणखी एक पायरी वाढते. थेंब आधी बाष्परूप व्हावा लागतो, तर घन कणातून ज्वलनशील वायू बाहेर पडावे लागतात आणि उरलेला कोळसा सावकाश जळावा लागतो. नेदरलँड्समधील आंतरराष्ट्रीय ज्योतसंशोधन प्रतिष्ठानाच्या प्रायोगिक भट्टीत सुमारे १३०० अंशांच्या तप्त हवेवर निरनिराळी इंधने जाळून पाहण्यात आली. नैसर्गिक वायू आणि हलके तेल दृश्य ज्वालेविना जळाले. जड तेल आणि कोळसा यांची ज्वाला मात्र दिसतच राहिली. कारण उघड आहे. कण वा थेंब जेथे जळतो तेथे त्याच्या भोवतीच इंधनाचे दाट आवरण असते आणि काजळीही तेथेच तयार होते. म्हणून घन इंधनांबाबत ‘ज्वालारहित’ या शब्दाचा अक्षरशः अर्थ न घेता विरल आणि सम तापमानाचे ज्वलन असा अर्थ घेणे योग्य ठरेल.

या अर्थाने पाहता सिमेंट कारखान्यांत अशा ज्वलनाचा एक प्रकार बऱ्याच आधीपासून नांदत आहे. मुख्य भट्टीपूर्वी चुनखडीच्या भुकटीतील कार्बन डायऑक्साइड काढून टाकणाऱ्या कॅल्सायनरमध्ये इंधन त्या भुकटीतच विखरून जाळले जाते. भुकटी उष्णता तत्काळ शोषून घेत असल्याने तापमान ८५० ते ९०० अंशांच्या आसपास राहते आणि ठळक ज्वाला उभी राहत नाही. शहरी कचऱ्यापासून बनविलेले इंधन किंवा शेतीचे अवशेष यांना सिमेंट उद्योगात प्रवेश मिळाला तो मुख्यतः याच दाराने.

भारतीय संदर्भ

भारतात या विषयावरील मूलभूत संशोधन एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू आहे. बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेतील सुदर्शन कुमार, पॉल आणि मुकुंद यांनी अल्प उत्सर्जनाच्या, उच्च तीव्रतेच्या अशा बर्नरवरील आपले काम २००२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुदर्शन कुमार आणि त्यांचे विद्यार्थी यांनी केरोसीन आणि जैव-डिझेल यांसारख्या द्रव इंधनांच्या ज्वालारहित ज्वलनाचा अभ्यास केला. द्रवाचा फवारा आणि भोवऱ्यासारखा फिरणारा हवेचा प्रवाह यांच्या योगे छोट्या जागेत पुरेसे पुनराभिसरण कसे साधावे, हा त्या अभ्यासाचा गाभा होता.

उद्योगाची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. पंजाबातील मंडी गोविंदगड, छत्तीसगडमधील रायपूर, गुजरातमधील भावनगर, महाराष्ट्रातील जालना अशा केंद्रांत शेकडो रि-रोलिंग मिल आहेत. त्यांच्या पुनर्तापन भट्ट्या कोळसा, फर्नेस ऑइल, उत्पादक वायू, जेथे वाहिनी पोचली आहे तेथे नैसर्गिक वायू, अशा नाना इंधनांवर चालत आल्या आहेत. इंधनाची निवड पुष्कळदा मालकाच्या हाती राहत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थान या राज्यांत फर्नेस ऑइल आणि पेट कोक यांच्या वापरावर १ नोव्हेंबरपासून बंदी घातली, तेव्हा एका विशिष्ट इंधनाच्या ज्वालेभोवती बांधलेल्या भट्ट्यांपुढे थोड्या अवधीत मोठा प्रश्न उभा राहिला. उलट, जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली आणि पोलाद उद्योगातील प्रायोगिक प्रकल्पांना त्यात स्थान दिले. भट्टी दोन-तीन दशके टिकते. इंधनाची उपलब्धता, किंमत आणि कायदेशीरता यांचे चक्र त्याहून पुष्कळ लवकर फिरते. यास्तव भट्टीची रचना ठरविताना आजचे इंधन कोणते, याबरोबरच उद्या कोणकोणती इंधने तिला पचतील, हा प्रश्नही विचारावा लागतो.

मर्यादा

ज्वालारहित ज्वलन हा सर्व दोषांवरील उतारा नव्हे. या पद्धतीसाठी भट्टी आधी तापलेली असावी लागते. युरोपीय आणि अमेरिकी सुरक्षा मानकांनुसार ज्वालेवर सतत देखरेख ठेवणारे उपकरण अनावश्यक ठरण्यासाठी भट्टीचे तापमान सुमारे ७५० ते ७६० अंशांच्या वर असावे लागते. प्रत्यक्षात ज्वालारहित अवस्था साधारणतः ८०० ते ८५० अंशांनंतर सुरू केली जाते. तोपर्यंत बर्नर नेहमीच्या ज्वालेवरच चालवावा लागतो. रोज एकच पाळी चालवून रात्री भट्टी थंड होऊ देणाऱ्या लहान मिलला म्हणूनच या तंत्राचा लाभ अंशतःच मिळतो. चोवीस तास चालणाऱ्या भट्टीला तो पुरेपूर मिळतो. हा भेद नजरेआड करून केलेले बचतीचे अंदाज फसवे ठरतात.

दुसरी मर्यादा इंधनाच्या अंगभूत अशुद्धीची. इंधनात गंधक असेल तर सल्फर डायऑक्साइड तयार होणारच. विरलनाने तो नाहीसा होत नाही. जुन्या टायरांपासून मिळविलेले तेल वा जड भट्टीतेल यांना ज्वालारहित बर्नर पवित्र करू शकत नाही. उत्पादक वायूतील डांबर, जड तेलाची राख आणि काजळी यांनी मधपोळ्यासारखे उष्णतासंचयक तुंबतात. अशा ठिकाणी वायूची पूर्वशुद्धी, स्वच्छ करता येण्याजोगे मृत्तिकेचे गोळे, किंवा संचयकाऐवजी धातूच्या नळ्यांचा साधा उष्णताविनिमयक वापरावा लागतो, आणि त्या प्रमाणात बचत कमी होते. जैविक इंधनांतील नायट्रोजनचा प्रश्न अमोनियाच्या जातीचाच, मात्र त्याहून सौम्य असतो.

तिसरी मर्यादा मनुष्याच्या कौशल्याशी निगडित आहे. ज्वाला दिसत नाही तेव्हा ज्वालेवर वाचन करणारी परंपरागत दृष्टी निरुपयोगी ठरते. इंधन जळते आहे की न जळता भट्टीत साचते आहे, हे डोळ्यांना कळत नाही; ते तापमापक, धुरातील ऑक्सिजन व कार्बन मोनॉक्साइड मोजणारी उपकरणे आणि ठरावीक तापमानाखाली इंधन आपोआप तोडणारी यंत्रणा यांनीच कळते. स्वस्तातील उभारणीत या उपकरणांवरच पहिली काटछाट झाली, तर स्वच्छ ज्वलनाची भट्टी धोकादायक भट्टी होऊ शकते. म्हणून भट्टीवर काम करणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि तेही त्यांच्या भाषेत होणे, हा या तंत्राचा पूरक नव्हे तर अंगभूत भाग मानला पाहिजे.

समारोप

ज्वाला हे थंड जगात ज्वलन टिकविण्याचे साधन आहे. तापलेल्या भट्टीत ते अपरिहार्य राहत नाही. हे साधन बाजूला ठेवल्यावर उष्णता परत मिळविणे आणि हवा स्वच्छ राखणे यांतील जुना विरोध हवेतील नायट्रोजनपुरता सुटतो. मंद आणि अतितीव्र अशा दोन्ही टोकांच्या इंधनांना एकाच तत्त्वाखाली आणता येते. इंधनाने स्वतःबरोबर आणलेला नायट्रोजन, गंधक आणि राख यांचा हिशोब मात्र तसाच शिल्लक राहतो. त्यामुळे एखाद्या उद्योगाने ही पद्धत स्वीकारावी की नाही, याचे उत्तर इंधनाच्या नावावरून देता येणार नाही. भट्टी किती अंशांवर आणि दिवसातील किती तास चालते, इंधनात काय मिसळलेले आहे आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी उपकरणे व माणसे कितपत सज्ज आहेत, या तीन गोष्टींवरून ते ठरेल.